मायोर्का की ला गोमेरा? बोट आणि गाडीने फिरायचं असेल तर

स्पेनमध्ये आठवडाभर थोडं बोटीने, थोडं गाडीने फिरायचं ठरवलंत, तर माझ्या मते या दोन बेटांचा विचार आधी करा. समुद्र दोन्हीकडे आहे, घाटही दोन्हीकडे.

मायोर्काला पोचणं सोपं. बार्सिलोनाहून रात्रीच्या फेरीबोटीत बसलं की सकाळी पाल्मा. त्रामुंतानाची डोंगररांग २०११पासून जागतिक वारसा यादीत आहे: दगडी बांधांवर ऑलिव्ह, सोयेरच्या खोऱ्यात संत्री. सा कालोब्राच्या किनाऱ्याकडे उतरणारा घाट १९३२चा. एका वळणावर रस्ता गोल फिरून स्वतःच्याच खालून जातो. पण उजव्या बाजूने चालवायची सवय नसताना, समोरून टुरिस्ट बस येत असताना, पहिल्याच दिवशी तिथे गाडी घालू नका. पोर्ट दे सोयेरला गाडी लावा आणि बोटीने जा. पाण्यातून सरळ उठलेले कडे बोटीतूनच नीट दिसतात. मात्र समुद्र खवळला की बोट रद्द होते, म्हणून एक दिवस हाताशी ठेवा. शाकाहारी असाल तर एन्साइमादा (इथला गोड पाव) खाण्याआधी विचारा, त्यात डुकराची चरबी असते.

ला गोमेरा लांब पडतं. माद्रिदहून विमानाने तेनेरीफे बेट, मग तिथल्या लोस क्रिस्तियानोस बंदरातून तासाभराची फेरीबोट. बेट छोटं, पण मधल्या डोंगरावरून चहूबाजूंनी खोल दऱ्या उतरतात. शेजारच्या गावी जायचं तरी बऱ्याचदा आधी वर चढावं लागतं, त्यामुळे नकाशावरच्या किलोमीटरवर जाऊ नका. वर गाराहोनायचं जंगल. व्यापारी वाऱ्यांबरोबर आलेलं धुकं पानांवर साचतं आणि पाऊस नसतानाही झाडांखाली टपटप चालू असते. शेवाळाने मढलेली ती खोडं पाहून मला पावसाळ्यातली आंबोली आठवली. या दऱ्यांमुळेच इथे शीळ घालून बोलायची भाषा, सिल्बो, रुजली. आता ती शाळेत शिकवतात. आणि मिठाच्या पाण्यात सालीसकट उकडलेल्या बटाट्यांवरची लाल मोहो चटणी आपल्या ठेच्याच्या घरातली.

मेच्या सुट्टीत, मुलांना घेऊन, पोहायचंही असेल तर मायोर्का. दिवाळीनंतर किंवा डिसेंबरात निघणार असाल, तर बेधडक गोमेरा. तिकडे थंडी बोचत नाही. माझा कौल गोमेरालाच, पण किमान दोन रात्री राहणार असाल तरच.

आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना निघण्यापूर्वीच काढा. भाड्याची गाडी फेरीवर चढवायची असेल तर कंपनीची लेखी परवानगी घ्या, नाहीतर विमा लागू न होण्याची शक्यता असते.