ज्यूट टग, फ्लर्ट पोल आणि दोरीचा बॉल: कुठल्या कुत्र्याला काय घ्यावं

बिस्किटाऐवजी खेळण्याचं बक्षीस देऊन ट्रेनिंग करायचं म्हणून म्हापशातल्या एका पेट शॉपमधून ही तीन खेळणी आणली. घरात एक लॅब्राडोर आणि एक गावठी, आणि दोघांचा रिझल्ट इतका वेगळा आला की नुसते स्टार देऊन काही कळणार नाही.

गावठीसाठी फ्लर्ट पोल म्हणजे एकदम पैसा वसूल. काठी, तिला दोरी आणि टोकाला फरची शेपटी, बस्स एवढंच. बॉल टाकला तर ही हुंगते आणि चालू पडते, पण तीच शेपटी जमिनीवरून सरपटत लांब पळाली की अंग खाली, नजर रोखलेली, आणि मग झेप, भाटात (माडांच्या बागेत) मुंगसाच्या मागे लागते ना अगदी तशीच. तिला वस्तू नकोच आहे, पाठलाग हवाय. म्हणून खेळणं तोंडासमोर नाचवायचं नाही, शिकार काय स्वतःहून तोंडाकडे येत नाही, ते तिच्यापासून लांब न्यायचं. आधी 'बस', बसली की लगेच 'हां', आणि मगच शेपटी हलणार. आता शेपटी समोर पडलेली असली तरी ती माझ्या 'हां'ची वाट बघत थरथरत बसून राहते, हे बघून मला खरंच भरून येतं. फक्त उंच उड्या मारायला लावू नका, पिल्लाला तर नकोच, सांध्यांवर ताण येतो.

लॅबला पाठलागाचं काही पडलेलं नाही, त्याला तोंडात धरून मिरवायचंय. त्याला दोरीचा, म्हणजे दोरी लावलेला बॉल, तोही एकसारखे दोन. एक त्याच्या तोंडात असताना दुसरा आपल्या हातात हलवायचा, तो आपोआप पहिला टाकतो, नेमकं तेव्हा 'सोड' म्हणायचं आणि दुसरा फेकायचा. ओढून घ्यायला गेलात की घेऊन पळणार.

ज्यूट टग म्हणजे ओढाओढीचं तागाचं खेळणं, त्याची पकड मस्त आणि दातांना मऊ, चावून ओढायची आवड असलेल्या मॅलिनॉय, शेफर्ड अशा जातीचा कुत्रा असलेल्यांनी जरूर घ्या. मधेमधे कुत्र्याला जिंकू द्या, तोच परत घेऊन येतो अजून खेळायला. पिल्लाचे दुधाचे दात पडायच्या वयात मात्र जोरात ओढू नका. आपल्याकडे पावसाळ्यात ज्यूट वाळतच नाही, बुरशी येते, त्यामुळे जून ते सप्टेंबर मी फायर होजच्या कापडाचा टग वापरते.

किनाऱ्यावर खेळायला सकाळी लवकर जा, नंतर रेती तापते. गोव्यातल्या मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर थंडीत कासवं अंडी घालतात, तिथे कुत्रा दोरीवरच ठेवा, प्लीज.

टेनिस बॉल स्वस्त पडतो पण त्याच्या खरखरीत कापडाने दात झिजतात, रबरीच घ्या, आणि घशात जाणार नाही एवढा मोठा बघून.