रात्री दोन वाजता कूस कोण बदलणार? ब्युरोच्या मावशी, घरी येणाऱ्या सिस्टर की शुश्रूषा केंद्र

उद्या डिस्चार्ज, असं डॉक्टर सांगून जातात आणि घरात एकच चर्चा सुरू होते: आईंना घरी न्यायचं की कुठे ठेवायचं? दिवस एकच हाताशी असतो. मग नातेवाईक काय म्हणतील, आपल्याला अपराधी वाटेल का, यावरच निर्णय होऊन जातो. आमच्याकडेही तसाच झाला होता, आणि त्याची किंमत सासूबाईंच्या पाठीने मोजली.

त्यांच्या खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालं होतं. आम्ही ब्युरोतून, म्हणजे पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या संस्थेतून, चोवीस तासांच्या मावशी ठेवल्या आणि निर्धास्त झालो. महिन्याभरात माकडहाडावर लाल चट्टा दिसला, आठवड्यात त्याची जखम झाली. मावशींची चूक नव्हती. दिवसभर राबलेलं माणूस रात्री झोपणारच, आणि पेशंटची कूस बदलायची राहते. 'चोवीस तास' याचा अर्थ त्या घरात असतात एवढाच, जाग्या असतात असा नाही, हे आम्ही समजूनच घेतलं नव्हतं. म्हणून आता कोणी सल्ला विचारला की मी आधी एवढंच विचारते: रात्री दोन वाजता कूस कोण बदलणार आहे?

पेशंट वॉकर धरून बाथरूमपर्यंत जात असेल, हाताने जेवत असेल, तर बारा तासांच्या मावशी पुरतात आणि घरासारखी दुसरी जागा नाही. स्वतःची खाट, ओळखीचे आवाज, स्वयंपाकघरातून येणारा फोडणीचा वास यांनी माणूस लवकर उभा राहतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पेशंट अंथरुणाला खिळलेला असेल, तर मात्र एका चोवीस तासवाल्या बाईंवर सगळं टाकू नका. दिवसाच्या एक आणि रात्रीच्या एक अशा दोन ठेवा, नाहीतर घरातल्यांनी रात्री वाटून घ्या. खर्च वाढतो, पण जखम भरून येण्याचा खर्च आणि वेदना त्याहून मोठ्या असतात.

बहुतेक मावशी अनुभवातून शिकलेल्या असतात, नर्सिंगचं शिक्षण झालेलं नसतं. पण शिकवलं की पक्कं लक्षात ठेवतात. दर दोन तासांनी कूस बदलायची, गुडघ्यांमध्ये उशी, पोटऱ्यांखाली उशी म्हणजे टाच गादीला टेकत नाही. लाल चट्टा बोटाने दाबून बघायचा. दाबल्यावर फिका पडला नाही तर ती जखमेची सुरुवात आहे. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून हात फिरवून तिथे गरम किंवा कडक लागतंय का ते पाहायचं. एअर बेड आणला म्हणून कूस बदलणं सुटत नाही. नाकातून नळी असेल तर भरवताना डोकं निदान तीस-पंचेचाळीस अंश उंच हवं आणि नंतर अर्धा-एक तास तसंच राहू द्यायचं, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. लघवीची पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली लटकलेली हवी. खाटेवर ठेवायची नाही, जमिनीला टेकवायची नाही.

आणि मावशींनाही माणसासारखं वागवा. वेळेवर जेवण, पाय पसरायला स्वतःची जागा, आठवड्याची सुट्टी. गणपती-दिवाळीला त्या गावी जाणार हे धरून चाला आणि बदली कोण देणार हे ब्युरोकडून आधीच लिहून घ्या.

सिस्टर मुळात कशासाठी लागतात? जखमेचं ड्रेसिंग, कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं, नळी घालणं, इंजेक्शन. ही कामं मावशींना सांगायचीच नाहीत, त्या "मला येतं" म्हणाल्या तरी. पण ही बहुतेक अर्ध्या-पाऊण तासाची कामं. भीतीपोटी बारा तासांची नर्स ठेवणारी घरं मला माहीत आहेत. तिथे नर्स बसून राहते आणि आंघोळ घालायला तयार नसते. मावशी रोज आणि सिस्टर गरजेपुरती व्हिजिटला, ही जोडी बहुतेक घरांना पुरते. श्वासासाठी गळ्यात ट्यूब असेल, वरचेवर सक्शन (कफ यंत्राने ओढून काढणं) लागत असेल, तर मात्र पूर्णवेळ नर्सला पर्याय नाही. नर्सच्या शिक्षणाचे प्रकार असतात: एएनएम दोन वर्षांची, जीएनएम तीन वर्षांची, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांची असते. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं प्रमाणपत्र मागायला संकोचू नका.

आता केंद्र. वृद्धाश्रम आणि शुश्रूषा केंद्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळ वृद्धाश्रम हिंडत्याफिरत्या माणसालाच घेतात. शुश्रूषा केंद्राची खरी जमेची बाजू एकच: तिथे रात्रपाळीला जागं माणूस असतं, किंवा असायला हवं. म्हणून चौकशीला सकाळी अकराला जाऊ नका, संध्याकाळी जेवणाच्या वेळी न कळवता जा. रात्री किती पेशंटमागे किती जण आहेत, नर्स आहे की फक्त मावशी, डॉक्टर कधी येतात, तब्येत बिघडली तर कुठल्या हॉस्पिटलला नेतात, डिपॉझिट परत कधी मिळतं, हे विचारा. खोलीत लघवीचा वास आहे का आणि तिथल्या लोकांची नखं कापलेली आहेत का, ते स्वतः बघा. पेशंटचे हात बांधतात का, हा प्रश्न नक्की विचारा आणि उत्तर देणाऱ्याचा चेहरा पाहा.

स्मृतिभ्रंश असेल तर निर्णय फार अवघड होतो. जागा बदलली की सुरुवातीला गोंधळ वाढतो. पण घरी रात्री दार उघडून बाहेर पडणाऱ्या माणसाला एकटी सून किती दिवस सांभाळणार? आणि कुठेही ठेवा, गोंधळ एकाएकी वाढला तर 'वयामुळे' म्हणून सोडून देऊ नका. म्हाताऱ्या माणसाला लघवीचा संसर्ग झाला तर कधी कधी ताप येतच नाही, नुसतं बरळणं सुरू होतं.

पैशांचा हिशोब मांडताना लोक केंद्राचा महिन्याचा आकडा मावशींच्या पगाराशी ताडून बघतात. ते चूक आहे. घरच्या बाजूला व्हिजिटचे पैसे, डायपर, खाटेचं आणि एअर बेडचं भाडं, फिजिओथेरपी धरा. सुनेने किंवा मुलीने सोडलेली नोकरीही धरा. ती कोणीच धरत नाही, याचा मला राग येतो. केंद्रातही डायपर आणि औषधं वेगळी लावतात का ते विचारा. आयुष्मान भारतमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना ५ लाखांचं संरक्षण आहे, पण ते हॉस्पिटलातल्या उपचारांसाठी. मावशी आणि केंद्र दोन्हींचा खर्च खिशातूनच. कॅन्सरचा पेशंट असेल तर पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर (वेदना आणि त्रास कमी करणारी शुश्रूषा) सेंटर आधी बघा. १९९७ पासून तिथे मोफत सेवा मिळते आणि घरच्यांनाही शुश्रूषा शिकवतात.

मुलं अमेरिकेत आणि इथे कोणीच नाही, अशा घरांना मी केंद्रच सुचवते. कॅमेऱ्यात मावशी दिसतात, पाठीवरचा चट्टा दिसत नाही. खुबा मोडलेल्यांसाठी मधला मार्गही आहे: पहिले सहा-आठ आठवडे केंद्रात, चालायला लागले की घरी. हे फार कमी जणांना सुचतं. आजीला किंवा आजोबांना शुद्ध असेल तर मात्र त्यांना न विचारता यातलं काहीही ठरवू नका.

आमच्या सासूबाई घरीच राहिल्या. दिवसाच्या मावशी, रात्रीच्या मावशी, एक दिवसाआड ड्रेसिंगला सिस्टर, आणि उशाशी एक वही: वेळ, कोणती कूस, लघवी किती, शी झाली का. जखम भरायला अडीच महिने लागले.

तुम्ही काहीही निवडलंत तरी आधी महिन्याभराचंच बोला. आणि पंधराव्या दिवशी स्वतः चादर बाजूला करून टाचा, खुबे आणि माकडहाड बघा.