टोमॅटिलो घरच्या बागेत: एका पूर्ण हंगामानंतरचं मत

टोमॅटिलो म्हणजे टोमॅटोच्या कुळातलं, कागदी कवचात वाढणारं आंबट हिरवं फळ. त्याचं एकच रोप लावणार असाल तर लावूच नका. किमान दोन हवीत, आणि दोन्ही वेगवेगळ्या बियांपासून आलेली. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागांनी फळतं. टोमॅटिलोचं फूल स्वतःच्या झाडाचे पराग स्वीकारत नाही. एकटं झाड छान पसरतं, पिवळ्या फुलांनी भरतं, कधीकधी कागदी कवचंही धरतं, पण दाबून पाहावं तर आत पोकळ. इथे एक फसगत हमखास होते. याची फांदी ओल्या मातीत सहज मुळं धरते, त्यामुळे एका झाडाची दोन करता येतात. पण फांदीपासून केलेलं झाड म्हणजे तेच झाड. परागीकरणासाठी ते दुसरं धरता येत नाही. तीन-चार रोपं लावावीत, म्हणजे एखादं दगावलं तरी फळं थांबत नाहीत.

बाकी लागवड टोमॅटोसारखीच. बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरायचं. माती २० ते २७ अंशांच्या आसपास उबदार असेल तर एक-दोन आठवड्यांत उगवतं. रोपं सहा-आठ आठवड्यांची झाली आणि थंडीचा धोका टळला की बाहेर न्यायची. लावताना खालची पानं काढून खोड खोल पुरावं, पुरलेल्या भागाला नवी मुळं फुटतात. निचरा चांगला हवा. पाणी साचणारी जागा या झाडाला अजिबात चालत नाही. मातीचा सामू (pH) ६ ते ७ ठीक.

खताच्या बाबतीत हात आखडता ठेवलेलाच बरा. लावताना चांगलं कुजलेलं कंपोस्ट घातलं की पुष्कळ होतं. नत्र जास्त झालं की पानांचं जंगल माजतं आणि फळं मागे पडतात.

जागेचा अंदाज मात्र बहुतेकांचा चुकतो. रोप लहान असताना दोन फूट अंतर भरपूर वाटतं. प्रत्यक्षात तीन फूट लागतं. झाड मीटर-दीड मीटर उंच होतं आणि तेवढंच आडवं पसरतं. फांद्या टणक दिसल्या तरी फाट्याशी ठिसूळ असतात. फळांच्या भाराने किंवा जोराच्या वाऱ्याने तिथेच चिरतात. टोमॅटोसाठी मिळणारे लहान पिंजरे इथे अपुरे पडतात. मजबूत खांब रोवून दोन्ही बाजूंनी दोऱ्या ओढाव्यात, आणि हे काम लावतानाच करावं. झाड पसरल्यावर फांद्या उचलून बांधायला गेलं की त्या हातात येतात. कुंडीत लावायचं तर एका झाडाला किमान वीस लिटरची कुंडी, आणि दोन कुंड्या शेजारी शेजारी. रोज पाणी द्यायची तयारी नसेल तर कुंडीच्या फंदात पडू नये.

फुलं येऊनही फळ धरत नसेल तर आधी मधमाश्या येतात का ते पाहा. कीडरोधक जाळीखालच्या किंवा उंच गॅलरीतल्या झाडांना अडचण बहुधा हीच असते. मऊ ब्रशने एका झाडाच्या फुलातले पराग दुसऱ्याच्या फुलाला लावले की काम होतं. कडक उन्हाळ्यात फुलं गळतात, त्यावर उपाय शोधत बसू नये; हवा निवळली की फळधारणा आपोआप सुरू होते.

कीड टोमॅटो-बटाट्यावरचीच: मावा, पांढरी माशी, पानं खाणारे भुंगेरे. पानांच्या मागची अंडी आणि अळ्या हाताने वेचल्या तर घरच्या बागेत फवारणीची वेळ क्वचितच येते.

काढणीची खूण रंग नव्हे, कवच. आधी कवच वाढतं, मग आतलं फळ ते भरत जातं. कवच हाताला घट्ट लागलं किंवा चिरू लागलं की हिरवं असतानाच तोडायचं. पिवळं होऊ दिलं तर आंबटपणा उतरून चव मिळमिळीत होते, आणि साल्सा वर्देची, म्हणजे या फळांच्या मेक्सिकन हिरव्या चटणीची, सगळी मजा तर आंबटपणात आहे. जांभळ्या जातींचा रंग बदलतो, पण त्यांनाही भरलेल्या कवचाचीच कसोटी लावावी. पहिलं फळ लावणीनंतर अडीच-तीन महिन्यांनी मिळतं. पुढे थंडी झाड मारेपर्यंत तोडा चालू राहतो.

कवचासकट, कागदी पिशवीत, फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे आरामात टिकतात. सोललेल्या फळावर चिकट थर असतो. तो खराबपणा नव्हे, कोमट पाण्याने निघतो. जास्त झाली तर धुऊन, कोरडी करून, अख्खीच फ्रीजरमध्ये टाकावीत, उकळायची गरज नाही. कवच, पानं आणि खोड खायचं नाही.

बी राखायचं असेल तर झाडावर पूर्ण पिकून गळलेली फळं घ्या, पाण्यात कुस्करा. चांगलं बी तळाशी बसतं. मात्र हिरवी आणि जांभळी जात शेजारी लावली असेल तर पुढच्या पिढीत दोन्हींचं मिश्रण निघणार. आणि गळलेली फळं वाफ्यात तशीच राहिली तर पुढच्या हंगामात रोपं आपोआप, वाजवीपेक्षा जास्तच उगवतात. त्यातली तीन-चार ठेवून बाकी कोवळी असतानाच उपटावीत.