शिधा, थाळी की लंगर? मुंबईत एकट्याने राहणाऱ्याचं आणि कुटुंबाचं गणित

भाडं चुकत नाही, लोकलचा पास चुकत नाही. म्हणून महिना ओढताना मुंबईतला कामगार आधी पोटाला चिमटा घेतो. दुपार वडापाववर काढायची आणि रात्री भात-पाणी. तशी वेळ आली असेल तर हक्काचे आणि आधाराचे काही मार्ग आहेत. त्यातला कुठला धरायचा हे दोन गोष्टींवर ठरतं: खोलीवर शेगडी आहे का, आणि दुपारच्या सुट्टीत तुम्ही कुठे असता.

पहिला मार्ग रेशनचा. प्राधान्य कुटुंबाच्या, म्हणजे ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या घराच्या कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, अतिगरीब घरांच्या अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य पूर्ण मोफत आहे. चार माणसांच्या घराला २० किलो म्हणजे बाजारात चाळीस रुपये किलो धरले तरी ८०० रुपये वाचतात. डाळ, तेल, गॅस मात्र तुमचंच. कार्ड केशरी असलं म्हणजे धान्य मिळतंच असं नाही, त्यावर प्राधान्य कुटुंबाची नोंद हवी. शहरासाठी त्याची उत्पन्नमर्यादा वर्षाला ५९,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला पाच हजारांच्याही आत. मुंबईत एवढ्यात खोलीचं भाडंही निघत नाही. ही मर्यादा वाढायलाच हवी, आणि ती वाढत नाही तोवर खरे गरजू बाहेर राहणार, याची मला चीड येते.

कार्ड बीडचं असो वा बिहारचं, ‘एक देश, एक रेशनकार्ड’मुळे मुंबईतल्या दुकानातही धान्य उचलता येतं. नाव इकडे आणावं लागत नाही, आणि त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. दुकानदार ‘हे कार्ड इकडचं नाही’ म्हणाला तर तिथूनच रेशनच्या तक्रारींसाठीच्या १९६७ या नंबरला फोन लावा. खरी अडचण दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनवर येते. सिमेंट कालवून बिगाऱ्याच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. अंगठा ठेवला की मशीन नाकारतं, मागची रांग कुरकुरते आणि माणूस निमूट बाजूला होतो. बाजूला होऊ नका. हात साबणाने धुऊन कोरडे करा, दुसरं बोट लावा, नाहीतर कार्डावर नाव असलेल्या घरातल्या दुसऱ्या कुणाचा अंगठा चालतो.

आता राज्य सरकारची शिवभोजन थाळी. २६ जानेवारी २०२० ला ही योजना सुरू झाली. दहा रुपयांत दोन पोळ्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण. दिवसभर ओझी वाहणाऱ्याचं एवढ्यात भागत नाही, हे खरं. तरी हिशोब मांडा. खाणावळीतली राइसप्लेट शंभराच्या आसपास पडते. महिन्याचे २६ दिवस जेवलात तर एका वेळेचेच २,६०० रुपये होतात आणि थाळीचे २६०. म्हणजे एकट्या माणसाला ५ किलो धान्यातून दोनशेच रुपये सुटतात, पण थाळीतून दोन हजारांवर. अडचण अशी की प्रत्येक केंद्राला थाळ्यांची संख्या ठरवून दिलेली असते, ती संपली की संपली. केंद्रचालकांचं अनुदान अडकलं की केंद्रही अडखळतं. कामाच्या जागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर असेल आणि सुट्टी वेळेत होत असेल, तरच त्याच्या भरवशावर राहा.

त्यामुळे माझं मत असं. खोलीवर शेगडी नाही आणि बायको-मुलं गावी आहेत, तर तुमच्या वाट्याचं धान्य इथे उचलू नका. घरच्यांना ते गावच्या दुकानातून घेऊ द्या आणि तुम्ही दुपारी थाळी धरा. गावकीच्या खोलीत चार-पाच जण मिळून राहत असाल तर उलटं करा. प्रत्येकाचे ५ किलो इथे उचलून एकत्र रांधा. पाच किलोचा ‘छोटू’ सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. आणि कुटुंब मुंबईतच असेल तर आधी रेशन, बाकी सगळं नंतर.

लहान मूल असेल किंवा घरात गरोदर बाई असेल तर वस्तीतल्या अंगणवाडी सेविकेकडे नाव घाला. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी नेण्याचा आहार, तीन ते सहा वर्षांच्यांना तिथेच गरम जेवण. रेशनकार्ड कुठलं आहे याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

गुरुद्वाऱ्याचा लंगर, म्हणजे तिथलं मोफत जेवण, कुणालाही खुला असतो. डोकं झाकायचं, चपला बाहेर काढायच्या, पंगतीत बसायचं. ओळखपत्र नाही, जात-धर्म विचारणं नाही. दादरच्या गुरुद्वाऱ्यात तुमच्यासारखेच कितीतरी कामकरी जेवून जातात. काम सुटलं असेल किंवा पगार लांबला असेल तर संकोच न करता जा, जमलं तर भांडी घासायला हात लावा.

बांधकाम कामगारांना त्यांच्या कल्याणकारी मंडळाकडून मिळणारं मध्यान्ह भोजन २०२३ च्या अखेरीस बंद झालं. नाक्यावर त्याच्या नावाने कुणी पैसे घेत असेल तर ती फसवणूक आहे.

या आठवड्यात एकच काम करायचं तर रेशनकार्डावरच्या सगळ्यांची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, झाली आहे का ते पाहा. राहिली असेल तर नाव अडकू शकतं, आणि ती मुंबईतल्या रेशन दुकानातही होते. गावी जाईपर्यंत थांबू नका.