गुलमर्ग की औली? गोव्यातून निघण्याआधी बर्फाचा अंदाज असा वाचा

गोव्यातल्या माणसाला हवामानाचा अंदाज वाचायची सवय असते, पण ती पावसाच्या अंदाजाची. ऑरेंज अलर्ट म्हटला की बहुधा दिवसाला ११५ ते २०४ मिलिमीटर पाऊस, हे गणित डोक्यात बसलेले. स्कीइंगसाठी काश्मीरमधले गुलमर्ग किंवा उत्तराखंडातली औली गाठायची तर हे गणित बदलते. गुलमर्गला हिवाळ्यात दिवसभरात ३० मिलिमीटर पाण्याइतका बर्फ पडला तरी रस्ता अडतो, कारण तो वाहून न जाता साचून राहतो. आपली वर्तमानपत्रे पाऊस इंचांत मोजतात, तोच हिशेब इथे लावा. एक इंच पाऊस म्हणजे साधारण दहा इंच ताजा बर्फ. हवा उणे दहाच्या आसपास असेल तर तो पंधरा इंचांवर जातो. शून्याला टेकलेली असेल तर ओला होऊन पाच-सहा इंचांत दबतो. बर्फाचे सेंटिमीटर प्रत्येक ॲप स्वतःच्या गुणोत्तराने काढते. म्हणून हवामानाच्या एकाच संगणकी मॉडेलवर चालणारी दोन ॲप्स वेगवेगळे आकडे दाखवू शकतात. आधी पाण्याचे मिलिमीटर पाहा, मग तिथले तापमान.

आता मुख्य प्रश्न: दोन्हींपैकी कुठे जायचे? दोन्ही ठिकाणचा अंदाज सारखाच चुकतो, पण त्या चुकीची किंमत सारखी नसते.

गुलमर्गचे मैदान सुमारे २६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगडोरीला साधारण ३१०० मीटरवर सोडतो, दुसरा अफरवटच्या खांद्यावर सुमारे ३९५० मीटरवर. औलीचा उतार साधारण २५०० ते ३०५० मीटर, म्हणजे गुलमर्गचा पहिला टप्पा जिथे संपतो जवळपास त्याच उंचीवर औली संपते. अंदाजात 'फ्रीझिंग लेव्हल' असा आकडा असतो, शून्य अंशाची उंची. बर्फ तिच्याखाली २००-३०० मीटरपर्यंत टिकतो, त्याखाली पाऊस. समजा अंदाज २८०० मीटर आहे. दोन्हीकडे बर्फ पडेल, पायथ्याशी ओला. आता तो अंदाज ३०० मीटरने चुकला आणि पातळी ३१०० वर गेली. इतकी चूक नेहमीची. गुलमर्गच्या मैदानात गारठलेला पाऊस पडेल, पण कोंगडोरीपासून वर बर्फच, आणि अफरवटला उणे पाच-सहा. औलीत मात्र खालच्या निम्म्याहून जास्त उतारावर पाऊस पडून असलेला बर्फही खराब होईल. तो रात्री गोठला की सकाळी काचेसारखा कडक, आणि शिकाऊ माणसाला यापेक्षा वाईट पृष्ठभाग नाही.

दुसरा फरक दिशेचा. हिवाळ्यातला बर्फ आणतो तो पश्चिमी विक्षोभ, बातम्यांतला वेस्टर्न डिस्टर्बन्स. भूमध्य समुद्राकडून येणारी ही प्रणाली आधी पीर पंजालवर, म्हणजे गुलमर्गच्या रांगेवर आदळते. औलीपर्यंत पोचताना तिचा जोर बऱ्याचदा ओसरलेला असतो, किंवा ती उत्तरेकडून निघून जाते. 'जम्मू-काश्मीरमध्ये हिमवृष्टी' ही बातमी औलीचे तिकीट काढायला पुरेशी नाही. उत्तराखंडचा वेगळा अंदाज हवा, त्यातही औली ज्यात येते त्या चमोली जिल्ह्याचा.

मग औलीत काय बरे? उतार सौम्य, आणि वाऱ्याचा त्रास कमी. गुलमर्गचा वरचा टप्पा वाऱ्यामुळे बंद राहणे नित्याचे. जोरदार बर्फानंतर हिमस्खलनाचा धोका तपासेपर्यंतही तो उघडत नाही. चार दिवसांच्या सहलीत दोन दिवस असे गेले की खर्चाचा हिशेब बिघडतो. वारा पाहायचा तर विंडीसारख्या ॲपमध्ये जमिनीवरचा वारा न पाहता ६०० हेक्टोपास्कल हवेच्या दाबाचा स्तर निवडा. तो साधारण ४२०० मीटरवर येतो, गोंडोलाच्या वरच्या टोकाच्या थोडा वर. फोनचे नेहमीचे ॲप इथे निरुपयोगी. ते बहुधा श्रीनगरचे किंवा गावाचे तापमान देते, आणि खोऱ्यात धुके असताना वर लख्ख ऊन असू शकते. उंचीचा हिशेब हाताने करा: दर हजार मीटरला साडेसहा अंश वजा. किनाऱ्यावरून चोर्ला घाटात गेल्यावर लागतो त्या गारव्याचेच हे गणित. पायथा, मध्य, शिखर असे तीन अंदाज वेगळे देणारी स्नो-फोरकास्टसारखी साइट यापेक्षा बरी, पण तिथलाही आठव्या-नवव्या दिवसाचा बर्फ मनावर घेऊ नका.

कोणता अंदाज किती आधी पाहायचा? दहा-पंधरा दिवस आधी युरोपीय आणि अमेरिकी, दोन्ही मॉडेलांत विक्षोभ दिसतो का, एवढेच पाहा. आकडे सोडा. पाच दिवसांवर आले की बर्फाचा दिवस ठरतो. तीन दिवसांवर मिलिमीटर आणि फ्रीझिंग लेव्हल विश्वासार्ह होऊ लागतात. मॉडेलच्या प्रत्येक नव्या फेरीमागे, म्हणजे नव्याने केलेल्या गणनेमागे, धावू नका. पहाटे साडेपाचच्या निरीक्षणांवरची युरोपीय फेरी दुपारी हाती येते; ती रोज एकदा पाहून कालच्याशी ताडा. सलग तीन दिवस आकडा फारसा हलला नाही तर तो धरावा. अलर्टसाठी भारतीय हवामान खात्याचे श्रीनगर किंवा देहरादून केंद्र पाहा.

गोव्याची अडचण इथेच आहे. मोपा किंवा दाबोळीहून श्रीनगरला बहुधा दिल्ली वा मुंबईत विमान बदलून जावे लागते, आणि स्वस्त तिकीट दीड-दोन महिने आधीच काढावे लागते. तेव्हा कुठलाच अंदाज नसतो. तारीख आधी ठोकायची असेल तर गुलमर्ग घ्या, कारण उंची तुमची चूक झाकते. औली त्यांनी घ्यावी ज्यांना पाच दिवस आधी निघायचे की नाही ठरवता येते. जोशीमठ-औली रोपवे जमीन खचल्यामुळे जानेवारी २०२३ मध्ये बंद झाला होता. त्याची सध्याची स्थिती विचारून घ्या, कारण तो नसेल तर सगळी मदार रस्त्यावर.

तारखांबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. नाताळची सुट्टी टाळा, तेव्हा खालचा थर जमलेला नसतो. जानेवारीही हमखास नाही: २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग जवळजवळ महिनाभर कोरडे होते, आणि २०२५ मध्ये खेलो इंडियाचे गुलमर्गमधले हिवाळी खेळ बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावे लागले. कार्निव्हलच्या आसपासचे दिवस सर्वांत बरे. शिगम्याच्या सुमारास गुलमर्गचा वरचा भाग चालतो, पण दुपारी खालचा बर्फ चिखल होतो. औलीचा तेव्हा भरवसा नको.

विक्षोभ येणार असे दिसले तर त्याच्या आदल्या दिवशी पोचा. बर्फ पडताना श्रीनगरची विमाने रद्द होतात आणि गुलमर्गच्या वाटेवरच्या तंगमर्गच्या पुढे चाकांना चेन लावलेली गाडी लागते. परतीच्या विमानाआधी एक रात्र श्रीनगरात ठेवा. ताज्या बर्फानंतरचे पहिले दोन दिवस आखलेल्या उतारांच्या बाहेर जाऊ नका. चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा जिल्हा आणि उंचीनुसार येतो. त्यात गुलमर्गसाठी बारामुल्ला जिल्हा शोधा, 'गुलमर्ग' हे नाव सापडेलच असे नाही.