‘फ्रिक्वेन्सी फी’ आणि ९९.९ टक्क्यांचा रिपोर्ट: रेडिओ लिंकवाल्यानं आम्हाला कसं गंडवलं

बिलात ‘फ्रिक्वेन्सी परवाना फी (वार्षिक)’ अशी ओळ असेल आणि तुमची लिंक (दोन ठिकाणं रेडिओनं जोडणारी बिनतारी जोडणी) ५.८ गिगाहर्ट्झवर चालत असेल, तर ते पैसे सरकारकडं जात नाहीत. आमचेही गेले नव्हते. तासगाव-सावळज पट्ट्यात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवाल्यांकडं अशा लिंक बसवणारा हा गडी अजून फिरतोय, म्हणून सगळं लिहितोय. नाव टाकत नाही, वकिलांनी नको म्हटलंय.

आमचं ऑफिस तासगावात, स्टोरेज तिथून हवाई अंतरानं आठेक किलोमीटर. रस्त्याच्या कामात फायबर सारखी तुटायची. कॅमेरे, चेंबरच्या तापमानाच्या नोंदी, वजनकाट्याच्या पावत्या हे सगळं ऑफिसात तिथल्या तिथं दिसायला लागतं. सौद्याच्या दिवशी कुणाचा किती माल आत आहे हे फोनवर विचारत बसलं की घोळ ठरलेला. म्हणून सांगलीच्या एकाकडून दोन्हीकडं डिश बसवून पॉइंट-टू-पॉइंट लिंक करून घेतली. कोटेशनमध्ये ‘३०० एमबीपीएस’, वर्षाची परवाना फी आणि दरमहा मॉनिटरिंगचे वेगळे पैसे. मॉनिटरिंग म्हणजे महिनाअखेरीला व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ. त्यात हिरवागार आलेख आणि खाली ‘अपटाइम ९९.९ टक्के’.

९९.९ टक्के म्हणजे तीस दिवसांत जेमतेम ४३ मिनिटं बंद. आमचे कॅमेरे तेवढे एका दुपारीच गोठायचे.

तक्रार केली की उत्तर तयार. “अण्णा, पाऊस झालाय ना, सिग्नल पावसात विरतो.” तासगावात! इथं टँकरची वाट बघण्यात आमचं बालपण गेलं. बरं, पाऊस पडला तरी ५.८ गिगाहर्ट्झला त्याचं फारसं काही वाटत नाही. जोराच्या सरीतही आठ किलोमीटरला दोन-तीन डेसिबलचा (सिग्नलच्या ताकदीतला फरक मोजायचं माप) फरक पडेल, आणि नीट बसवलेली लिंक तेवढं सहज पचवते. पावसाचं रडगाणं १० गिगाहर्ट्झच्या वरच्या लिंकना शोभतं, ६० गिगाहर्ट्झला तर फारच. पाणी शिरलं तर ते बाहेरच्या केबलच्या जोडात शिरतं, आणि तो जोड बंद करणं हे बसवणाऱ्याचंच काम.

पुढं म्हणाला, मधे नीलगिरीची झाडं वाढलीत, टॉवर उंच करू. त्याचा आकडा ऐकून आमचा भागीदार खुर्चीतून उठला.

मिरजेत आमचा एक जुना दोस्त केबल आणि इंटरनेटच्या धंद्यात आहे. त्याला रिपोर्ट दाखवला. त्यानं आलेखाकडं बघितलंच नाही, एवढंच विचारलं, “अण्णा, हे पिंग नक्की कुणाला लागतंय?” रिपोर्टच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आयपी पत्ता होता. तो आमच्याच ऑफिसच्या गच्चीवरल्या रेडिओचा निघाला. म्हणजे मॉनिटरिंगचा डबा खाली ऑफिसात, रेडिओ वर गच्चीत, मधे एक केबल. तो डबा दर मिनिटाला पिंग करणार, म्हणजे “आहेस का?” विचारणार, आणि गच्चीवरचा रेडिओ “आहे” म्हणणार. आठ किलोमीटर पलीकडं कुणी विचारतच नव्हतं. शेजारच्या खोलीत हाक मारून गावाची खुशाली कळवण्यातला प्रकार. खात्री करायला आम्ही स्टोरेजकडचा रेडिओ एका रात्री बंदच ठेवला. महिनाअखेरीला पीडीएफ आली: ९९.९ टक्के.

पासवर्ड मागितला तर “सिक्युरिटीसाठी देत नाही.” माल आमचा, पासवर्ड त्याचा. शेवटी एका रविवारी दोस्तानं दोन्ही रेडिओ रीसेट करून नव्यानं सेट केले. डिशला हात न लावता सिग्नल बघितला तर उणे ८० डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचा आकडा, उणे जितकं जास्त तितका सिग्नल कमजोर). त्यानं कागदावरच हिशोब मांडला: ५.८ गिगाहर्ट्झला आठ किलोमीटरमध्ये साधारण १२६ डेसिबल जातात, पलीकडून ३६ डीबीएम निघतात, आपली डिश २५ डेसिबल मिळवून देते. म्हणजे उणे ६५च्या आसपास यायला हवं. पंधरा डेसिबल कमी, म्हणजे मिळायच्या सिग्नलचा बत्तिसावा भाग!

झाडांचा संबंधच नव्हता. मधल्या भागात सरळ रेषेच्या भोवती दहा मीटरचा पट्टा धरतात आणि त्यातला निम्म्याहून जास्त मोकळा लागतो. आमच्या वाटेत द्राक्षबागा आहेत, मांडव डोक्याएवढे. डिश चुकीच्या कोनात होती, एवढंच. प्रत्येक डिशला मुख्य झोताच्या बाजूला छोटे झोत असतात. या पठ्ठ्यानं फिरवता फिरवता पहिला जो सिग्नल लागला तिथंच नट आवळले होते. दोस्तानं आडवी, मग उभी, अगदी सावकाश फिरवली. आकडा उणे ६६वर आला आणि कॅमेरे गोठायचे थांबले. टॉवर आहे तेवढाच आहे.

३०० एमबीपीएसचं गौडबंगाल वेगळंच. तो आकडा हवेतला, म्हणजे दोन डिशमधल्या कच्च्या वेगाचा. एकाच चॅनेलवर आळीपाळीनं पाठवायचं आणि घ्यायचं असतं, त्यामुळं प्रत्यक्षात हाताशी येतं ते निम्म्याच्या आसपास. त्यात या रेडिओचं केबलचं पोर्टच १०० एमबीपीएसचं! कोटेशनबरोबर मॉडेल नंबर लिहून घ्या आणि कंपनीच्या माहितीपत्रकात पोर्टचा वेग बघा. ‘गिगाबिट’ नसेल तर पुढची बोलणी कशाला?

आता ती फी. ५.७२५ ते ५.८७५ गिगाहर्ट्झचा पट्टा ऑक्टोबर २०१८च्या केंद्राच्या अधिसूचनेनं परवानामुक्त आहे. अटी आहेत, ४ वॉटच्या वर प्रक्षेपण नको आणि उपकरणाला ईटीए (सरकारची उपकरण-मान्यता) हवी, पण वर्षाला भरायची फ्रिक्वेन्सी फी नाही. ज्या पट्ट्यांना परवाना लागतो तिथं तो दूरसंचार विभागाकडून, घेणाऱ्याच्या नावावर निघतो. आमच्या हातात होती ती त्याच्याच लेटरहेडवरची पावती.

मॉनिटरिंग आता आम्हीच करतो. पलीकडच्या रेडिओला पिंग, आणि एसएनएमपीनं (यंत्राकडून आकडे मागवायची ठरलेली पद्धत) दर पाच मिनिटांनी दोन्ही टोकांचा सिग्नल, नॉइज (आजूबाजूचा रेडिओ गोंगाट) आणि मॉड्युलेशन (सिग्नलवर माहिती चढवायची पद्धत, तिच्यावर वेग ठरतो) नोंदवतो. सिग्नल हळूहळू ढासळला तर डिश सरकली किंवा पाणी शिरलं, सिग्नल जागेवर राहून नॉइज वाढला तर शेजारी कुणीतरी त्याच चॅनेलवर आलंय, एवढं आता आमच्या दिवाणजींनाही कळतं.

पैशाचं म्हणाल तर नोटीस दिलीय. ग्राहक आयोगाकडं जाऊ म्हटलं, तर वकील म्हणाले की २०१९च्या कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा बसत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी एकट्यानं धंदा करणाऱ्याला सवलत आहे, आमची भागीदारी पेढी, त्यामुळं दिवाणी दावाच. त्यासाठी सगळ्या पीडीएफ, परवाना फीच्या पावत्या आणि ते ‘पाऊस झालाय’वाले मेसेज जपून ठेवलेत. आणखी कुणाकडं तसल्या पावत्या असतील तर फाडू नका. दोघा-तिघांचे कागद एकत्र आले तर दाव्याला वजन येईल, असं वकिलांचं म्हणणं आहे.