बंगईला चॉक पेंट: हिवाळ्यात झकास, मे महिन्यात चिकट

रंगाला दहापैकी आठ, मेणाला शून्य. घाई असेल त्यांनी इथंच थांबावं. बाकीच्यांनी पुढं वाचा, कारण त्या मेणाच्या डब्यात माझे साडेपाचशे रुपये गेलेत आणि ते कुठंतरी वसूल व्हायला पाहिजेत.

आमची बंगई, म्हणजे झोपाळा, आबाजींच्या वेळची. अस्सल सागवान, सहा फुटांचा पाट, पितळी कड्या. वरून पॉलिश काळं पडलेलं, खालच्या बाजूला कधीकाळी कोणी तरी हिरवा ऑइल पेंट फासलेला. मिस्त्रीनं नव्या पॉलिशचा जो भाव सांगितला तो ऐकून घरात सगळ्यांना अचानक चॉक पेंट आवडायला लागला. खडूसारखा, बिनचकाकीचा रंग, आणि त्याचा दावा असा: घासायचं नाही, प्रायमर नाही, दोन हात मारा, वरून मेण चोळा. गेल्या दिवाळीच्या आधी काम काढलं.

तर पहिली गोष्ट. ‘घासायचं नाही’ हे सागवानाला लागू नाही. सागाच्या अंगातच तेल असतं, त्यावर रंगाची पकड बसत नाही. १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०, आणि शेवटी थिनरच्या फडक्यानं पुसून काढणं, एवढं केलंच पाहिजे. खालचा हिरवा रंग मात्र मी कोरडा घासला नाही, पाणी मारून घासला. घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या डब्यांत काय काय होतं, देव जाणे. पोट्ट्यांना आणि कोंबड्यांना आवाराच्या पलीकडं ठेवलं, चिखल पोत्यावर गोळा केला.

दुसरी गोष्ट डागांची. फिकट राखाडी रंगाचा पहिला हात तासाभरात वाळला, सकाळी पाहतो तर त्यातून चहाच्या रंगाचे डाग वर आलेले. दुसरा हात मारला, डाग पुन्हा हजर. शेवटी मिस्त्रीलाच विचारलं. तो म्हणाला, “भाऊ, आधी लाखेचा हात मारा ना, बिनधास्त.” स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख, एकच पातळ हात, आणि डाग बंद. पळसावर, बोरीवर होणारी ही लाख पॉलिशवाल्यांकडं किरकोळ पैशात मिळते. डब्यावर तिचा उल्लेखही नाही, कारण मग ‘प्रायमर लागत नाही’ कसं म्हणणार?

एवढं झाल्यावर मात्र रंग खरंच छान बसला. ऑइल पेंटसारखा दोन दिवस डोकं दुखवणारा वास नाही, ब्रश पाण्यानं धुतला जातो, आणि चकाकी नसल्यानं ओरखडे दिसत नाहीत. अर्ध्या लिटरमध्ये पाट दोन्ही बाजूंनी झाला, उरलेल्यात देवघराचा चौरंग निघाला. पूर्ण हिवाळाभर मी येईल त्याला बंगईवर बसवून रंगाची तारीफ केली. तेव्हा कोणी विचारलं असतं तर मेणालाही दहापैकी नऊ दिले असते. हाताला कसं मऊ लागायचं!

मग मे महिना आला.

बंगई टांगलेली आमची सपरी, म्हणजे पडवी, टिनाची. बाहेर पारा ४६ वर, टिनाखाली त्याहून वाईट. एका दुपारी मोठे मामा बंगईवर टेकले, जेवायला हाक मारली तशी उठले, आणि पांढऱ्या पायजम्यावर मागं राखाडी नक्षी. पाटावर हात फिरवला तर बोट चिकटतंय. बरं, नुसतं चिकटलं असतं तर चाललं असतं. भाव वाढेल म्हणून ठेवलेला कापूस तेव्हा ओसरीत छताला टेकलेला होता (भाव वाढला नाही, खाज तेवढी वाढली). त्याची रुई उडून उडून पाटावर बसायची ती उठायलाच तयार नाही. ओल्या फडक्यानं पुसलं तर आणखी घट्ट. आठवडाभरात राखाडी बंगईला पांढरी लव आली.

कस्टमर केअरला फोन लावला. मुलगी नम्र होती, पण तिच्यापुढं उत्तरांचा कागद होता. “सर, वस्तू रूम टेंपरेचरला ठेवावी.” म्हटलं, ताई, आमच्या रूमचं टेंपरेचर विचारा तरी! मग ‘सरफेस नीट तयार केला नसेल’ झालं, फोटो मागवले, तक्रार नंबर दिला आणि विषय संपला.

या रंगाचा जन्म १९९० चा, इंग्लंडमधला. तिथल्या उन्हाळ्यात मेण काय वितळणार. मधमाशीचं मेण साधारण ६२ अंशांना वितळतं, पण मऊ पडायला त्याच्या खूप आधी सुरुवात होते, आणि वर बसणाऱ्या माणसाचं वजन आणि अंगाची गरमी वेगळीच. मिस्त्री ऐकून हसला. “मेण कायले लावलं बा? मे महिन्यात तुमच्या सपरीत मेणबत्ती तरी उभी राह्यते का?”

उपाय सांगतो. टर्पेंटाइनमध्ये फडकं भिजवून मेण पुसायचं, फडकं बदलून पुन्हा पुसायचं, कारण मेणाचा अंश राहिला तर वरचा कोणताही थर सुटतो. मग २२० नं हलकं घासून पाण्याच्या बेसचा मॅट पीयू क्लिअर (पॉलियुरेथेनचं पारदर्शक वार्निश), दोन हात. पाण्याचाच घ्या, ऑइलवाला फिकट रंगावर पिवळा पडतो. हे काम मृगाच्या आधी उरकलं. त्यानंतर पावसाळा गेला, ऑक्टोबर हीट गेली, पाट कोरडा आहे, चहाच्या कपाचं वर्तुळ पुसलं की जातं, रुई हातानं झटकली की उडते. हातांना लागणारा तो मऊपणा गेला, हे खरं. आता थोडं प्लॅस्टिकसारखं वाटतं. मामांना चालतं, मग मलाही चालतं.

एक बारकी तक्रार शिल्लक आहे. कड्यांच्या भोकांभोवतीचा रंग कोणत्याही थराला दाद देत नाही, झोका घेतला की पितळ घासतं. तिथं सायकलच्या जुन्या ट्यूबचे गोल तुकडे कापून घातलेत. दिसायला बरे नाहीत, पण फुकट आहेत.

रंग पुन्हा घेईन, जाळीच्या आलमारीसाठी मनात आहेच. तिच्यावर कोणी बसत नाही, तरी मेण लावणार नाही. उरलेलं मेण पावसाळ्यात फुगलेल्या मागच्या दाराच्या कडेला चोळलं, दार अगदी गुपचूप सरकतं. पण तेवढंच काम पाच रुपयांची मेणबत्तीही करते.